आधी गाव, मग मोबाईल नंबर

मंडळी, जिंकले! नोकरी सोडून स्वतंत्र कन्सल्टंट झाले, त्यातलं पहिलं काम आज निपाणीत फत्ते झालं. बेळगावला परतताना बसमधूनच लिहितेय.

दवाखान्यांचं कामकाज कॉम्प्युटरवर बसवून देणं हा माझा धंदा. निपाणीच्या या दवाखान्यातलं नवं सॉफ्टवेअर आधी मोबाईल नंबर मागायचं. म्हाताऱ्या बायकांना तो कुठला पाठ असायला? रांग पार फाटकापर्यंत जायची. शेवटी नोंदणीवरच्या सुमनआक्कांनी कॉम्प्युटर बंद करून जुनी वही काढली.

मग मला बोलावलं. मी दोन दिवस आक्कांच्या शेजारी नुसती बसून राहिले. त्या प्रत्येकीला आधी विचारायच्या, "गाव कुठलं गं?" मग, "कुणाच्या घरातली?" नाव सगळ्यात शेवटी. तेवढ्यावर त्यांना जुनी नोंद सापडायची. मी स्क्रीनवरचा फॉर्म अगदी तसाच करून टाकला.

आज सकाळी डॉक्टरांनी बजावलं, "आज रांग अडली तर वहीच बरी."

पहिल्याच आल्या कोगनोळीच्या एक आजी. आक्कांनी गाव टाकलं, घर टाकलं, आणि आजींची जुनी नोंद समोर हजर! दुपारपर्यंत बाकडी रिकामी. आक्कांनी वही स्वतःच्या हातानं कपाटात ठेवली.

डॉक्टर खूश. "फॉर्म लई भारी झालाय. कसा केलात?"

मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाल्या, "मी केलाय. ह्या पोरीनं नुसतं टाईप केलंय."

खरंच आहे की ते! तुमच्याकडं नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा वही सांभाळणाऱ्या माणसाला कुणी काही विचारलं होतं का?