पळसाच्या पानातली आंबापोळी

शेजारणीच्या घरून आलेल्या आंबापोळीचे पैसे तुम्ही कधी दिलेत? दिले नसतील. तिने मागितले असते तर तुम्ही तिच्याशी बोलणं टाकलं असतं. आमच्या ठाण्याजवळच्या बाळकुममध्येही असंच होतं, आणि त्यापायी आमचं पहिलं उत्पादन एका दुपारीत संपलं.

आमच्याकडे आंबा रायवळ. तो पेटीत बसत नाही, दोन दिवसांत मऊ पडतो, आणि मुंबईचा दलाल त्याच्याकडे बघतही नाही. मे महिन्यात सगळी झाडं एकदम पिकायची. प्रत्येकाच्या दारात झाड, त्यामुळे विकत घेणारा कुणीच नाही. माणसं खायची, मग गुरं खायची, मग गुरंही तोंड फिरवायची. उरलेला झाडाखाली कुजायचा.

मी तेव्हा हाताला लागेल ते पत्रक वाचत असे. कुजणारं फळ म्हणजे कुजणारे श्रम, असं माझं मत झालं होतं. ते मी देवळाच्या पारावर उभं राहून मांडलं. पारावर तिघे होते. त्यातले दोघे झोपलेले होते.

ऐकलं ते फक्त वहिनीने, घरी. ती आणि माझा मोठा भाऊ दोघेही मिठागरावर कामाला. खाऱ्या पाण्यात उभं राहून तिच्या टाचांना चिरा पडल्या होत्या. गेल्या साली एक जखम चिघळली आणि होळीनंतर मुकादमाने तिला घरी बसवलं. दिवाळीनंतर मिठागर पुन्हा सुरू झालं की तिला पुन्हा उतरावं लागणार होतं, कारण एकट्या भावाच्या मजुरीत घर चालत नव्हतं. तोवर दुसरी काही मिळकत उभी राहिली तरच तिची सुटका होती.

"भावोजी," ती म्हणाली, "तुमचे कागदात पायाचा काय लिवलंय काय?"

पायाचं काही लिहिलेलं नव्हतं. फळं टिकवण्याचं मात्र एक पत्रक होतं. त्यात जॅमची कृती होती. फळाइतकीच साखर घ्यावी, थर्मामीटर लावावा, काचेच्या बरण्या उकळून घ्याव्यात. देश स्वतंत्र झाला होता, पण साखर रेशनवर होती. थर्मामीटर आमच्या गावात कुणी पाहिला नव्हता. यादीतलं आमच्याकडे फक्त फळ होतं.

शेवटी आंबापोळी ठरली. ती प्रत्येक बाईला येत होती. रस काढायचा, ताटांना तेलाचं बोट फिरवायचं, पातळ थर ओतायचा, वाळला की त्यावर दुसरा. आळीतल्या पाच-सहा जणी आमच्या अंगणात जमल्या. मी त्याला उत्पादक महिला मंडळ असं नाव दिलं. त्या त्याला वयनीचा वाळवण म्हणायच्या.

पोळ्या सुटल्या त्या दिवशी मी ठाण्याला एका दुकानदाराशी बोलायला गेलो. तो घ्यायला तयार झाला. मी जवळजवळ पळतच परत आलो. अंगणात एकही पोळी नव्हती.

आईने सगळी आंबापोळी गावात वाटून टाकली होती. घरात नवं काही झालं की ताटलीत घालून घरोघर पाठवायचं, ही आमची रीत. रीतीचा दुसरा भाग असा की आलेली ताटली कुणी रिकामी परत करत नाही. आणि मे महिन्यात गावात प्रत्येकाच्या घरात देण्यासारखी एकच वस्तू असते. संध्याकाळी आमच्या ओटीवर आम्ही पिळला त्याहून मोठा आंब्यांचा ढीग होता.

"आई, ती विकायची होती!"

"विकाची? आंबापोली?" आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "उंद्या इहिरीचा पानी पन विकशील."

मी श्रममूल्यावर बोलू लागलो.

"तुझा मूल्य तुझे पारावर ठेव," ती म्हणाली. "ज्यांचा भांडा आपले दारात भरून येतं, त्यांचेकनशी पैशे घेऊ? मना या गावात रावाचा हाय."

गिरणीमालक आणि सावकार यांच्यासाठी माझ्याकडे उत्तरं तयार होती. ताटल्यांसाठी मी पत्रकं चाळू लागलो. वहिनीने ढिगातला आंबा पिळायला घेतला.

पुढच्या खेपेची आंबापोळी तिने ताटलीत ठेवलीच नाही. पळसाच्या पानात बांधली, वर केळीच्या सोपाच्या दोरीची गाठ मारली, आणि पुडा आईसमोर ठेवला. सासूला ती आत्या म्हणायची.

"आत्या, यात भांडा नाय. पान कोन परत धाडतं?"

आईने पुडा उलटसुलट करून पाहिला. "पानाचा चालंल," ती म्हणाली. "पन ठान्यात. गावात नाय." हीच मंडळाची घटना झाली. मी लिहिलेली कलमं घरातच राहिली.

दुकानदाराने तोवर बोलणं फिरवलं होतं, म्हणून वहिनी आणि दोघीजणी माजिवड्यावरून चालत जाऊन ठाण्याच्या बाजारात बसल्या. मी मागे उभा. पहिली आली ती चष्मा लावलेली एक बाई.

"घरचीच ना गं?"

"हां."

"मग एवढा भाव कशाला? घरचंच तर आहे!"

मी तोंड उघडलं. वहिनी मान न वळवता म्हणाली, "भावोजी, तुमी सावलीत बसा." मग त्या बाईला म्हणाली, "बाय, घरचा घरी खावाचा. हा बाजार हाय."

बाई तणतणत गेली. बाजारभर फिरून परत आली आणि दोन पुडे घेऊन गेली. तोंडाने शेवटपर्यंत नापसंती दाखवत होती.

पोळी टिकाऊ, त्यामुळे पावसाळ्यातही पुडे जात राहिले. दिवाळी झाल्यावर मुकादम दारात आला. वहिनी बोलायच्या आत आईच म्हणाली, "ती नाय येत. तिचा बाजार असतं."

घर ऐटीत चाललं असं मी म्हणणार नाही. भाकरीबरोबर कोरड्यास नसलेले दिवस होते. पण वहिनीच्या टाचा भरून आल्या.

रायवळ एका वर्षी लगडतो आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेतो, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. यंदा बाळकुममध्ये मोहर नावाला आहे. मुकादम परवा आमच्या घरावरून जाताना सायकलवरून उतरला, वहिनीच्या पायांकडे पाहून "बरं हाय ना आता?" म्हणाला आणि गेला. आंबा नाही तर पुडे नाहीत, आणि पुडे नाहीत तर वहिनीला पुन्हा मिठागर. म्हणून कल्याणला, डोंबिवलीला किंवा ठाण्यात ज्यांच्या वाडीत आंबा, करवंद, जांभूळ पडून सडतं, त्यांना माझं सांगणं आहे. या उन्हाळ्यात टोपल्या घेतलेल्या आमच्या मंडळाच्या बायका कुंपणाशी आल्या तर त्यांना हाकलू नका. फाटक उघडा आणि पडलेलं फळ उचलू द्या.