पाटणकर सरांचा त्रिकोण

पाटणकर सरांच्या हातात खडू, पेन, स्क्रू ड्रायव्हर, काहीही आलं की ते त्रिकोण काढायचे. जॉब कार्डाच्या मागे काढायचे, पत्र्यावरच्या धुळीत काढायचे, एकदा तर कँटीनच्या टेबलावर सांडलेल्या वरणात बोटानं काढला. त्रिकोणात चार आडव्या रेघा, म्हणजे पाच मजले. मग तळमजल्यावर बोट ठेवून विचारायचे, "ठवकर, आपला माणूस आज कुठल्या मजल्यावर आहे?" पहिल्यांदा मी प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, आपल्या शेडला मजला नाही. वर पत्रे आहेत." ते हसले नाहीत. तळाला भाकरी, वर मान, असे माणसाच्या गरजांचे पाच मजले मला समजावून सांगायला बसले. समजावून सांगणं हा त्या माणसाचा आजारच होता.

आमचा कारखाना नागपुराबाहेर, कुहीच्या रस्त्याला. ट्रान्सफॉर्मर, म्हणजे गावात ज्याला डीपी म्हणतात, ती आम्ही बनवतो आणि जळून आलेली दुरुस्तही करतो. मी वाइंडिंग शेडचा सुपरवायझर. शहरातल्या नंदनवन भागातून स्कूटरनं येतो, एकोणीस वर्षं झाली. शेडमध्ये बावीस बाया तांब्याची तार गुंडाळून कॉइल तयार करतात. बहुतेकजणी कुही आणि मौद्याकडच्या गावांतल्या. पाटणकर सर साताऱ्याकडचे, चौतिशीचे, मॅनेजमेंट शिकलेले. मालकांनी त्यांना 'लोकांमध्ये उत्साह आणा' म्हणून आणलं होतं. आमच्यात उत्साह नाही, हे तोवर आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

आल्या आठवड्यातच त्यांनी फॉर्म वाटले. त्यात एकच प्रश्न. 'कामावर येण्यास तुम्हाला कोणती गोष्ट प्रेरित करते?' बायांनी फॉर्म उलटा-सुलटा करून पाहिला. एकीनं विचारलं, "प्रेरित म्हंजे काय वं?" दुसरी म्हणाली, "आनते कोन, असं असन." झालं. बावीसपैकी एकोणीस जणींनी लिहून दिलं, 'बस.' सरांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बस, म्हणजे पुरे, आता नको. लोक इतके वैतागलेत असा अहवाल मालकांना पाठवायला ते निघाले होते. मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "सर, ती बस. सकाळी साडेसातची, कंपनीची." त्यांनी अहवाल फाडला, पण 'वाहतूक हा प्रेरणेचा घटक' असा एक तक्ता काढलाच.

मग माझी पाळी आली. एके दिवशी म्हणाले, "ठवकर, आधी हायजीन फॅक्टर नीट करा. ते असले म्हणून माणूस खूश होत नाही, पण नसले की तो नाराज राहतो." मला वाटलं, चला, हे तरी समजलं. मी फिनाईल मागवलं. बायांच्या संडासाची कडी सहा वर्षांपासून तुटलेली होती. एक आत गेली की दुसरी दाराला हात लावून उभी राहायची. कडी बसवली, दिवा लावला, बादली आणली. आठवड्यानं सरांना समजलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. हायजीन म्हणजे त्यांच्या पुस्तकात पगार, नियम, साहेबाची वागणूक असं काय काय होतं, संडास नव्हता. आठवडाभर मी कँटीनमध्ये त्यांच्या इंग्रजीला हसलो. पण खरं सांगायचं तर सहा वर्षं मी त्या दारावरून दिवसातून दहा वेळा गेलो होतो, आणि कडी बसवायला मला एक शब्द चुकीचा समजावा लागला. बायांनी श्रेय सरांना दिलं. देवकाबाई म्हणाली, "हे एक काम बरं केलं गा तुमच्या सरानं." मी ते सरांना सांगितलं नाही.

आता देवकाबाई भोयर कोण, ते सांगायला पाहिजे. कुहीकडच्या एका खेड्यातली बाई, तेव्हा बारा वर्षांपासून आमच्याकडे. तार हातातून सरकताना नुसत्या बोटाला तिला कळायचं की कुठे वरचा इनॅमलचा लेप खरवडलाय. नवीन बाई आली की तिच्या शेजारी बसवायची, एवढंच आमचं ट्रेनिंग. आणि शेडमध्ये एक रीत होती, ती तिनंच पाडलेली. कॉइल पुरी झाली की तिच्यावर गुंडाळलेल्या शेवटच्या कागदावर वाइंडिंग करणारी बाई पेन्सिलीनं आपलं नाव लिहायची. मग कॉइल टाकीत जायची, वरून तेल, वरून झाकण. ते नाव कोणी वाचायचं नाही. वाचायची वेळ आलीच तर डीपी जळून परत आल्यावर, झाकण उघडल्यावर. म्हणून नाव लिहिताना देवकाबाई प्रत्येकीला सांगायची, "नाव वापस आलं नाई पायजे." बारा वर्षांत तिचं नाव दोनदा परत आलं होतं. एकदा वीज पडली होती. दुसऱ्या वेळी चूक तिची होती, आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

पाटणकर सरांनी हे पाहिलं आणि त्यांना ते अडाणीपणाचं वाटलं. कॉइलवर बारकोडचं स्टिकर लागायला लागलं. प्रत्येक बाईला नंबर. देवकाबाई सात नंबर. "नाव कशाला? नंबरवरून सगळं सापडतं," सर म्हणाले आणि पेन्सिली जमा करायला लावल्या. त्या मीच जमा केल्या, एका डब्यात. त्याच आठवड्यात भिंतीवर चौकट लागली, 'महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी', आणि त्यात देवकाबाईचा फोटो. डोळे मिटलेले, कारण फोटोवाल्यानं एकच काढला होता. सर मला म्हणाले, "हा त्रिकोणाचा चौथा मजला, ठवकर. सन्मान." बाया येता-जाता म्हणायच्या, "चौकटीत बसली वं बाई, आता हार तेवढा बाकी हाये." देवकाबाई तिथून जाताना पदर पुढे ओढून जायची.

महिन्याभरानं ती केबिनमध्ये आली. मी तिथेच होतो, सही घ्यायला उभा. ती म्हणाली, "सर, सांगाले आली. मी काम सोडून राहिली."

आता ज्याला आमची बोली येते त्याला हे स्पष्ट आहे. सोडून राहिली म्हणजे सोडते आहे. पण साताऱ्याच्या कानाला ऐकू आलं 'राहिली'. सरांनी विचारलं, "कुठलं काम सोडलं?"

"हेच. कॉइलचं."

"पण राहिलात ना?"

"हो. सोडून राहिली नं."

सरांना वाटलं, बाई कॉइलचं काम सोडून दुसरं काहीतरी मागते आहे, पण कंपनीत राहते आहे. ते मोकळेपणानं हसले. "मग झालं तर, देवकाबाई. राहिलात, हेच महत्त्वाचं." तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. एक शब्द बोललो असतो तर सगळं तिथेच निस्तरलं असतं. पण मला त्या माणसाला एकदा तोंडावर पडलेलं पाहायचं होतं. दुपारी कँटीनमध्ये मी नक्कल करून दाखवली, 'पण राहिलात ना?' लोक पोट धरून हसले. मीही हसलो.

सोमवारी देवकाबाई बसमध्ये नव्हती. मंगळवारीही नव्हती. तिच्या हाताखाली शिकलेल्या चौघी म्हणायला लागल्या, बाई नाही तर आम्ही तरी कायले राहतो. त्या गेल्या असत्या तर शेड बंदच पडली असती, आणि मालक बाहेरून तयार कॉइल घेण्याच्या गोष्टी आधीच करत होते. बुधवारी सरांना कोणीतरी बोलीतलं 'राहिली' समजावून सांगितलं. ते माझ्याकडे आले. ओरडले नाहीत. "गाव माहीत आहे का तुम्हाला? चला," एवढंच म्हणाले.

देवकाबाई ओसरीत धान पाखडत होती. आम्हाला पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं आणि उभीच राहिली. सरांनी सुरुवात केली, "तुम्ही न सांगता..." तिनं मध्येच तोडलं.

"सांगतलं नं. मी सोडून राहिली म्हनलं तं तुमी हासले. झालं तर, म्हनले. बारा वर्सं काम केलं सर मी. जाय म्हनाचं होतं तं म्हनाचं. हासाचं कायले?"

सर गोंधळून माझ्याकडे पाहायला लागले. आता मात्र पळायला खिडकी नव्हती. मला तिला सांगावं लागलं की सरांना ते कळलंच नव्हतं, त्यांना वाटलं तू राहतेस. ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "अन् तुमी तं तिथंच उभे होते नं, ठवकर भाऊ?"

मी मान खाली घातली.

"वा," ती म्हणाली. "एकाले समजत नाई, अन् ज्याले समजते तो बोलत नाई. अशा दोघाइच्या मधात काम कराचं आमी."

एकोणीस वर्षांत मला बऱ्याच जणांनी बोलून घेतलं असेल, पण ते अंगाला लागलं नाही. हे लागलं. मला वाटलं आता सर समजावून सांगायला बसतील, ओसरीच्या सारवणात काडीनं त्रिकोण काढतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. ते खाली बसले, तिच्या सुपाशेजारी, आणि म्हणाले, "काहून, देवकाबाई?"

'का' विचारायचा हा आमच्याकडचा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. उच्चार धड नव्हता. पण देवकाबाईनं उत्तर दिलं. गोठ्याकडे हात केला. तिथे तांबडी गाय होती, तिच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला. "नंबर तं तिच्या कानालेबी हाये, सर," ती म्हणाली. "तिले नंबर देल्ला, मले नंबर देल्ला. नाव लिवलं की हात सावध राह्यते. वापस आलं तं माह्यं नाव येईन, म्हनून. सात नंबर वापस आला तं मले काय? अन् तो फोटो काढून टाका पयले. मेल्यावानी दिसतो."

सर म्हणाले, "फोटो उद्या काढतो. पेन्सिली डब्यात आहेत." इतकंच. माफी मागण्याचं भाषण त्यांनी केलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मीही मागितली नाही, पण त्याचं आश्चर्य वाटत नाही. मी तसाच आहे.

परतताना त्यांनी गाडीच्या डॅशबोर्डवरच्या धुळीत त्रिकोण काढला. वरून दुसऱ्या मजल्यावर बोट ठेवलं. "इथे लिहिलेलं आहे हे, ठवकर. मान. दोन वर्षं मी हेच लोकांना शिकवलं. मला वाटलं तो भिंतीवर लावायचा असतो." मग हातानं पुसून टाकला. "पुस्तक बरोबर होतं. वाचणारा गाढव होता."

गाडीत गाढवं दोन होती, आणि दुसरं स्थानिक होतं.

शुक्रवारी देवकाबाई बसमधून उतरली. पेन्सिली मी स्वतः वाटल्या, टोकं काढून. नावाखाली स्टिकरही लागत राहिलं. दोन्ही नांदायला काही हरकत नव्हती, हे आम्हाला आधी सुचलं नव्हतं एवढंच. सर सुधारले असं मी म्हणणार नाही. त्रिकोण चालूच होते. फक्त काढायच्या आधी ते शेडमध्ये येऊन कोणाला तरी 'काहून?' विचारायचे, आणि बाया त्यांचा उच्चार दुरुस्त करायच्या.

वर्षभरानं मालकांना वाटलं की उत्साह भरपूर झाला, आता प्रोडक्शन पाहू. सरांना निरोप मिळाला. शेवटच्या दिवशी देवकाबाईनं त्यांना मशीनवर बसवलं. एक कॉइल करायला त्यांना अख्खी सकाळ लागली. तीनदा तिनं उलगडायला लावली. "हात लय भारी हाये सर तुमचा, तार हाये ती, दोरखंड नोहे." शेवटी तिनं टेस्टिंग करून घेतलं, कॉइल पास झाली, आणि तिनं आपली पेन्सिल त्यांच्या हातात दिली. त्यांनी शेवटच्या कागदावर 'पाटणकर' लिहिलं आणि खाली, सवयीप्रमाणे, छोटा त्रिकोण काढला. "वापस आलं नाई पायजे," ती म्हणाली. त्यांनी शाळेतल्या मुलासारखी मान हलवली.

गेटवर त्यांनी माझा हात धरला. "जाऊन राहिलो, ठवकर."

मी म्हटलं, "म्हणजे राहिलात ना, सर?"

ते हसले. तीन वर्षांत माझ्या बोलण्यावर तो माणूस तेव्हाच काय तो हसला.

त्यांची कॉइल मौद्याकडे कुठल्या तरी गावच्या डीपीत गेली. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून जळालेली डीपी दुरुस्तीला आली की झाकण मी दुसऱ्या कोणाला उघडू देत नाही. तेल काढतो, कॉइल वर घेतो, कागदावर टॉर्च मारतो. नाव आणि त्रिकोण सापडला की फोटो काढायचा, साताऱ्याला पाठवायचा आणि खाली लिहायचं, 'सर, तुमचा मजला कोसळला.' वाक्यसुद्धा ठरवून ठेवलंय.

तीन वर्षं वाट पाहून राहिलो. अजून आली नाही.