देवळाच्या पायरीवरचे खारे पाणी

भादव्यातले ते चार दिवस मी अजून विसरलेलो नाही, आणि खरे सांगायचे तर विसरावेत असेही मला वाटत नाही. सन तीसनंतरची गोष्ट. अलिबागच्या हाताखालच्या एका लहान ठाण्यात मी फौजदार होतो. अंगात रग होती. समोरचा माणूस खोटेच बोलणार हे धरून मी कामाला लागत असे.

खबर आणली एका होडीवाल्या तांडेलाने. मी स्टेशन डायरी लिहीत होतो. तो दारातूनच म्हणाला, "सायेब, खाडीपलीकडचा गाव उठतोय. रोज चार घरं उतरवतोय मी. बाजाराला जानारी मानसं उखळ नि जातं घेऊन जात न्हाईत."

त्याचे म्हणणे मला पटले. हवालदाराला बरोबर घेऊन त्याच्याच होडीतून निघालो.

त्या गावाची सगळी भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खोल. मातीचा एक लांब बांध समुद्राला अडवून धरी, म्हणून गाव जगे. भात लोंबीवर आले होते. असे पीक टाकून शेतकरी निघतो तेव्हा त्याने काहीतरी भलतेच पाहिलेले असते. पोलीस पाटलाने मला देवीच्या देवळात नेले. देवळाला नऊ पायऱ्या. पाच दिवसांपासून रोज सकाळी एक पायरी ओली सापडत होती, आदल्या दिवशीपेक्षा एक वर. पाणी खारे. सर्वपित्री अमावास्या चार दिवसांवर आलेली. त्या दिवशी समुद्र देवीच्या उंबऱ्याला लागणार, मग गाव जाणार, मग जगही राहणार नाही, असा हिशेब लोकांनी मांडला होता.

"तुम्ही हसाल साहेब," पाटील म्हणाले, "पण मीसुद्धा मंडळींना माहेरी धाडलंय."

मी हसलो नाही. 

मी पायरीला बोट लावून चाखले. पाणी खारेच होते. पण भरती येते ती चिखल आणि तिवराची पाने घेऊन येते. इथे चिखलाचा ठिपका नव्हता आणि पायऱ्यांच्या कडेची माती कोरडी ठणठणीत होती. म्हणजे पाणी कोणीतरी आणून ओतत होते. मात्र एवढे सांगून गाव थांबले नसते. हात कोणाचा, ते दाखवणे भाग होते.

मी घरोघर फिरलो. जिथे जावे तिथे गाठोडी बांधणे चालू. शेवटचे घर बांधाजवळ होते. तिथे एक बाई कणगीला शेणाने लिंपत होती. नवीन भात भरायची कणगी! जग चार दिवसांत बुडणार आणि ही सुगीच्या तयारीत.

"तुम्ही नाही निघालात?" मी विचारले.

"आमच्या ह्यांनी सांगितलंय, कुटं जायाचं न्हाय."

तिचा नवरा बांधाची उघाडी सांभाळी, म्हणजे शेतातले पाणी खाडीत सोडायचे दार. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. त्याला ओटीवर बसवून मी तासभर फैलावर घेतले. ओरडलो, टेबल नव्हते म्हणून जमिनीवर काठी आपटली. तो खाली मान घालून बसला. शेवटी मी म्हणालो, "चल, अलिबागच्या कोठडीत बस म्हणजे आठवेल."

तेव्हा त्याने पहिल्यांदा वर पाहिले. "न्या सायेब. पन अवस झाल्यावर न्या. त्याआदी मी न्हाय हलनार. बांध फुटंल."

मग त्याने सगळे सांगितले. खेकड्यांनी बांध आतून पोखरला होता. श्रावणापासून तो गावकीच्या बैठकीत सांगत होता. डागडुजीची पाळी कोणत्या आळीची यावर दोन्ही आळ्या भांडत होत्या आणि काम सुगीनंतर करू म्हणून पुढे ढकलले होते. "मानसाचं ऐकत न्हाईत, देवीचं ऐकतील असं वाटलं. समुद्राला भिऊन बांधावर येतील म्हनून पानी वतलं. ते गावच सोडून चालले. आता मी एकटा काय करू?"

तो मला बांधावर घेऊन गेला. एका बिळात त्याने खांद्यापर्यंत हात घातला. आतल्या बाजूला भाताच्या मुळाशी पाणी बुडबुडत होते. अमावास्येचे उधाण हे झेलणार नाही, हे मलाही दिसले.  इतका वेळ ज्याला दरडावत होतो, गावात डोके ठिकाणावर असलेला तो एकच माणूस निघाला.

"हे गावासमोर सांग," मी म्हणालो.

"देवीच्या पायरीवर लबाडी केली म्हनून वाळीत टाकतील मला."

"मी आहे ना."

त्याने हाताचा चिखल पंच्याला पुसला. मग म्हणाला, "चला."

देवळासमोर त्याने कबुली दिली. कोणी शिवी दिली नाही. एक म्हातारा थुंकला, एवढेच. मी सर्वांना दरडावून बांधावर पिटाळले. भीती गेल्यावर लाज वाटते, आणि लाजलेली माणसे मरमर राबतात. तीन दिवस माती, पेंढा, दगड यांची रास वाहिली गेली. अमावास्येचे पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली येऊन टेकले आणि उतरले. भात वाचले. मी गुन्हा नोंदवला नाही. आपण मोठे न्यायाने वागलो, असे वाटून ठाण्यात परतलो.

माघात तोच तांडेल भेटला. गावाने उघाडीवाल्याला वाळीत टाकले होते. त्याला विहीर बंद, विस्तव बंद. पाटलाने यातले अक्षरही कळवले नव्हते. मधे उघाडीवाल्याची बायको तापाने गेली तेव्हा खांदा द्यायला गावातला एकही माणूस आला नाही. परगावाहून तिचा भाऊ मुलगे घेऊन येईपर्यंत ती दिवसभर ओटीवर पडून होती.

मी तडक गेलो. तो बांधावर माती चोपत होता. मी म्हणालो, "नावे सांग. एकेकाला बघतो."

"नको सायेब. तुमी बांधून न्याल, पुना सोडाल. मला हितंच मरायचं हाय, यांच्या खांद्यावर."

 मी त्याच्याशेजारी बसून राहिलो. गावातली माणसे लांबून पाहत होती, पण जवळ कोणी आले नाही.

लोक आपल्याला भिवविणाऱ्याला माफ करतात. आपली भीती पोकळ होती हे ज्याने चारचौघांत दाखवले, त्याला ते माफ करत नाहीत. हे मला त्या गावाने शिकवले. पण मी स्वतःला त्या गावाहून वेगळा समजत नाही. कबुली मिळाली, काम झाले, मी होडीत बसलो. कबुली देणारा माणूस मागे किनाऱ्यावर एकटा उभा होता, आणि मला तो दिसलाही होता.