प्रबोधला न दिसलेला बिबट्या

आमचा प्रबोध मूळचा ओतूरचा. म्हणजे जुन्नर तालुका, म्हणजे ऊस, म्हणजे बिबटे. तिथे बिबट्या न पाहिलेला माणूस औषधालाही सापडायचा नाही, आणि जो एक सापडला त्याच्याशी माझं लग्न झालं. सासूबाईंनी घरच्या ओट्यावर बसून पाहिलाय. नणंदेने शाळेच्या वाटेवर पाहिलाय. एकदा तो घरामागून कोंबडी घेऊन गेला, सगळी वस्ती काठ्या-बॅटऱ्या घेऊन धावली आणि हे महाशय आत घोरत होते. आता बेचाळीस वर्षांचा झाला, तरी गावच्या ग्रुपवर कुणी बिबट्याचा फोटो टाकला की खाली हमखास येतं, 'प्रबोधला दाखवा रे!' तो हसरा चेहरा पाठवतो आणि जेवताना गप्प बसतो. मला विचारा.

एरवी अगदी सरळ माणूस. आता आम्ही सिंगापूरला असतो; बुकित बातोकला आमचा फ्लॅट, बुओना व्हिस्टाला त्याचं ऑफिस, दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम. पण सिंगापूर इतकं अंगात भिनलंय की रांग दिसली की हा उभा राहिलाच! 'लोक थांबलेत म्हणजे पुढे काहीतरी चांगलं असणारच.' परवा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, पाऊण तास रांगेत उभा राहून फिश सूप घेऊन आला. अहो, आम्ही शाकाहारी!

यंदा जूनच्या सुट्टीत हा आम्हाला दक्षिण आफ्रिकेला, क्रूगरच्या जंगलात घेऊन गेला. गाडी भाड्याची, चालवायची आपणच. मी भडकले. 'चार वर्षं ओतूरला आईंकडे गेलो नाही, आणि हे काय खूळ?'

'तिथे मला दिसत नाही ना,' म्हणाला.

पाच दिवसांत हत्ती दिसले, जिराफ दिसले, गेंड्याचं ढुंगण दिसलं. बिबट्या नाही. शेवटच्या दिवशी सकाळी एका वळणावर तीन गाड्या थांबलेल्या. जंगलात गाड्या थांबल्या की पुढे काहीतरी असतं म्हणतात. प्रबोधने शिस्तीत चौथा नंबर लावला, इंजिन बंद केलं आणि दुर्बीण डोळ्याला लावली.

वीस मिनिटं गेली. चाळीस गेली. 'अरे, पुढे जाऊन विचार तरी!'

'रांग मोडून? काहीतरीच काय, प्रणिता!'

शेजारून हत्ती जाईल एवढा रस्ता मोकळा होता. मी कपाळाला हात लावला.

इतक्यात मागच्या सीटवरून आमची नऊ वर्षांची इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत कुजबुजली, 'पापा, बिहाइंड ला! बिहाइंड!'

प्रबोधला वाटलं, मागून गाडी आली. मागे न बघताच त्याने सॉरी म्हणून हात वर केला आणि बाजूला व्हायला इंजिन सुरू केलं. मी वळले. बिबट्या! आमच्या डिकीपासून दहा पावलांवर, भर रस्त्यात, आरामात चाललेला. इंजिनचा आवाज झाला तसं त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि तो गवतात शिरला. प्रबोध वळला तेव्हा नुसतं गवत हलत होतं.

आणि पुढे काय होतं म्हणता? पहिल्या गाडीतलं म्हातारं जोडपं थर्मासमधला चहा पीत होतं. बाकीच्या दोन गाड्या त्यांना बघून थांबल्या होत्या.

मला हसू फुटणार होतं, पण प्रबोध गॉगल पुसत होता, आणि गॉगल स्वच्छच होता. फार वाईट वाटलं हो मला.

संध्याकाळी कॅम्पवर सासूबाईंचा फोन आला. 'दिसला का रं?'

इराने झटकन फोन हिसकावला. 'आजी, दिसला! पापाला फर्स्ट दिसला!' ही कार्टी माझ्याशी मराठीत बोलत नाही, बापासाठी मात्र चक्क मराठीत खोटं बोलली.

प्रबोधने फोन घेतला. 'नाही गं आई. ह्या दोघींना दिसला. मला नाही.'

'मंग एवढ्या लांब कशाला तडफडलास? परवाच आपल्या गोठ्यामागं येऊन गेला. इकडं ये, मी दावते.'

'येतो. डिसेंबरात येतो. खास त्याच्यासाठीच.'

'ये. पण दिसल्याबिगर जायाचं न्हाई.' आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, 'किती का दिवस लागंनात.'

फोन ठेवल्यावर प्रबोधने मोबाइलवर डिसेंबरचं कॅलेंडर उघडलं. मग म्हणाला, 'आठ दिवसांची रजा पुरेल ना गं?'

'महिन्याची टाक,' मी म्हटलं.