ताईच्या फास्ट टीमसंग अकोल्याले

जायचं ठरलं ते ताईमुळं. ती अमरावतीच्या कॉलेजात फुटबॉल खेळते. मी नववीतूनच शाळा सोडली, त्या पोरींत मले बोलाले लाज वाटते. पण ताई म्हणे, "चाल व! आज अकोल्यात मॅच हरलो तर कोच मॅडम आमचा फास्ट खेळ बंद करते."

फास्ट म्हणजे बॉल बाहेर गेला का लगेच आत. समोरच्या टीमले सावरूच द्यायचं नाही.

अमरावतीहून सकाळचीच एस.टी. पकडा, ऊन लागत नाही. बायांले तिकीट अर्धं. मूर्तिजापूरले चहा घ्या. बाहेर पऱ्हाटीचा कापूस फुटला होता, अर्ध्या झोपेत मले वाटलं ढगच वावरात उतरले. मागून मॅडमचा आवाज आला, "अगं, पण आपल्या मागं खेळणाऱ्या पोरींनी दम कधी घ्यायचा?"

"समोरच्या टीमले तरी दम घ्याले कुठी भेटते, मॅडम?" ताई हसली.

अकोल्यात आमच्या मावशीनं अख्खी टीम जेवाले बसवली. गोवरीवर भाजलेले कणकेचे रोडगे, वरून तूप, वांग्याची भाजी.

"मावशी, मॅच हाय!"

"मंग? उपाशी धावसान का?"

आता मावशीले नाही कोण म्हणन? अकोल्याले गेले तर रोडगे खाच, पण मॅचच्या आधी नका खाऊ.

पहिल्या हाफात आमच्या पोरी वाऱ्यावानी गेल्या. दोन गोल! अकोल्याच्या पोरी नुसत्या गरगर पाहून राहिल्या. दुसऱ्या हाफात मात्र आमची गोलकीपर कोमल म्हणे, "बाप्पा, रोडगा वर येऊन राहिला!" मागच्या पोरी गुडघ्यावर हात टेकून उभ्या. अकोल्याच्या पोरींनी एक गोल मारला. अजून एक झाला असता, वाचलो.

तेवढ्यात बॉल बाहेर गेला. ताईच्या हातात आला. सगळे ओरडले, "टाक! टाक!"

मले काय झालं माहीत नाही. मी ओरडली, "थांब व ताई!"

तिनं मागं पाहिलं. बॉल हळूच आपल्याच पोरीले टाकला, परत घेतला, त्यावर पाय ठेवला. मंग शेवटपर्यंत तसंच, हळू हळू. दोन-एकनं जिंकलो.

परतीच्या गाडीत पोरींनी विचारलं, "मॅडम, फास्ट बंद?"

मॅडमनं ताईकडं बोट केलं, "चालू ठेवा. पण ब्रेक हिच्या पायात राहू द्या."

घरी येऊन आई विचारते, गोल कसे झाले? मले धड सांगता येत नाही. बॉलवर पाय ठेवून ताई उभी, मागच्या पोरी दम घेऊन राहिल्या, अन् पूरं मैदान तिची वाट पाहून राहिलं, तेवढंच दिसते.