विफल लीगची घटनादुरुस्ती

भोकं पाडलेला हलका प्लॅस्टिकचा बॉल आणि झाडूच्या दांड्यापेक्षा जेमतेम जाड अशी पिवळी पोकळ बॅट घेऊन इथली अमेरिकन पोरं घरामागच्या गवतावर जो खेळ खेळतात, त्याला विफल बॉल म्हणतात. मराठीत लिहिल्यावर हे नाव कसं दिसतं, हे आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर कोणाच्याही लक्षात आलं नाही. ‘डब्लिन विफल लीग’ असं देवनागरीत छापलेले टी-शर्ट पोटं सुटलेल्या पंधरा-सोळा जणांनी हौसेने घातले आणि मी तोंड बंद ठेवलं. इतकं खरं नाव त्यांना पुन्हा सुचलं नसतं.

ज्याच्या बॅकयार्डमध्ये हे चालायचं, त्याने स्वतःला लीगचा कमिशनर नेमून घेतलं होतं. ऑफिसात त्याला कोणी फारसं विचारत नसावं, कारण आठवडाभर साचलेले सगळे हुकूम तो शनिवारी गवतावर सोडायचा. खेळ व्हायचा तासभर आणि त्याआधी नियमांवर चर्चा त्याहून जास्त. कुंपणाला लागून हातात आलेला बॉल कॅच धरायचा का, घरामागच्या लाकडी डेकखाली गेला तर रन किती, यावर शिकलीसवरलेली माणसं शब्दाशब्दाचा कीस काढायची. एकाने तर एकदा स्लाइड्स करून आणल्या होत्या आणि बाकीच्यांनी त्या शेवटपर्यंत पाहिल्या.

त्या सगळ्यांत निव्वळ खेळायला येणारे एकच होते, माझे बाबा. आई गेल्यावर मी त्यांना नागपूरहून कायमचं इकडे आणलं. इथे ते सोमवार ते शुक्रवार खिडकीपाशी बसून कुरिअरच्या गाड्या बघत. शनिवारी मात्र सकाळी उठल्यापासून बूट घालून तयार. गुडघे कामातून गेलेले, पण बॉल मारला की बॅट गवतावर टेकवत टेकवत ते पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे एका जुन्या पायपुसण्यापर्यंत, स्वतःच्या पायांनी जायचे. बेसला पाय लागायच्या आत कोणी बॉल अंगाला लावून आऊट केलं तर चिडायचे आणि नाही केलं तर इतरांना चिडवायचे. आठवड्यात तेवढाच एक तास ते मला ओळखीचे वाटायचे.

त्यांच्या हातातली बॅट कोणाला खटकत नव्हती, कारण या खेळात बॉल मारला की बॅट टाकून पळायचं असतं, तरी सगळेच ती घेऊन पळायचे. क्रिकेटवर वाढलेली माणसं दुसरं काय करणार? काही जण तर पायपुसण्यापाशी पोचल्यावर क्रीजमध्ये टेकवावी तशी ती टेकवायचेसुद्धा. मग एका शनिवारी शेजारचा गोरा कुंपणावरून बघत होता. त्याने हसत, अगदी सहज विचारलं, की सगळे बॅट घेऊन निघालात कुठे? झालं. इतकी वर्षं इथे राहून, सिटिझन होऊन, त्या एका हसण्याने कमिशनर पार ओशाळला.

पुढच्या शनिवारी त्याने प्रस्ताव मांडला. “गाईज, आजपासून बॅट ड्रॉप करायची. कॅरी केली की आऊट. प्रॉपर रूल तोच आहे. लोक हसतात यार आपल्याला.”

“मग माझे बाबा बेसपर्यंत जाणार कसे?” मी विचारलं.

कमिशनरच्या चेहऱ्यावर उदारपणा पसरला. “काकांना एक्सेप्शन देऊ ना. त्यांनी खुशाल बॅट न्यावी. त्यांना आऊटच धरायचं नाही. काका आपले कच्चं लिंबू.”

सगळे हसले. नीट धावताही न येणाऱ्या पोराला खेळात घ्यायचं आणि त्याचं काहीच मोजायचं नाही, ही आपल्याकडची जुनी सोय. ती आता पंचाहत्तरीच्या माणसाला लावली. “व्हेरी इन्क्लुझिव्ह,” कोणीतरी म्हणालं. भराभर हात वर गेले. बाबा समोरच खुर्चीत बसले होते, पण त्यांना विचारावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. मला त्या सगळ्यांची किळस आली.

बाबांची पाळी आली, त्यांनी बॉल मारला आणि बॅट खाली गवतावर ठेवून दिली. मग दोन्ही हात जरा बाजूला धरून, बॅटशिवाय, ते निघाले. बॉल घरंगळत कमिशनरकडे गेला. तो पायपुसण्यापाशीच उभा होता. त्याने बॉल उचलला, मुद्दाम पाडला, “अरेरे, सुटला” म्हणत पुन्हा उचलला आणि पुन्हा पाडला. बाकीचे टाळ्या वाजवायला लागले. बाबा अर्ध्या वाटेत थांबले.

“आऊट कर,” ते म्हणाले.

“सावकाश या हो काका. नो रश.”

“अरे, तू खेळतोयस ना? मग आऊट कर मला.”

कमिशनर इकडेतिकडे बघत हसला. मी त्याच्याच टीममध्ये होते. मी त्याच्या हातातून बॉल काढून घेतला. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते पुन्हा चालायला लागले, झेपेल तेवढं भरभर. पायपुसणं हातभर राहिलं असताना मी पुढे होऊन बॉल त्यांच्या खांद्याला लावला.

“आऊट,” मी म्हणाले.

टाळ्या थांबल्या. “सख्खी मुलगी ना गं तू?” कमिशनरची बायको डेकवरून म्हणाली.

“कसला आऊट?” बाबा माझ्यावर खेकसले. “पाय लागला होता माझा.”

“नव्हता लागला.”

“लागला होता. डोळे तपासून घे.”

घर येईपर्यंत ते गाडीत माझ्याशी भांडत होते. जेवायला बसल्यावर त्यांनी ताटातली पोळी मधोमध सरकवली, तिच्या कडेला चमचा टेकवला आणि पाय नेमका कुठे होता ते मला दाखवलं.