निळ्या पाण्याची नोटीस

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं, कारण हसं माझंच होणार होतं.

मी कोपरला राहायचो आणि महापालिकेत स्वच्छता निरीक्षक होतो. पावसाळी गटारात कुणी पावसाशिवाय दुसरं काही सोडलं, तर नोटीस द्यायचा अधिकार मला होता आणि मी तो हौसेने वापरायचो. दिवाळीच्या तोंडावर आमच्या गल्लीतलं गटार निळंशार वाहू लागलं. समोरच लाँड्री होती. कपड्यांना नीळ देणारा गल्लीत लाँड्रीवाला एकटाच, म्हणून मी थेट आत शिरलो.

"साहेब, बादलीला चिमूटभर नीळ घालतो," लाँड्रीवाला म्हणाला. "एवढी ओतली असती तर तुमचे शर्ट आकाशासारखे झाले असते."

"शर्टांचं राहू द्या," म्हणत मी नोटीस हातात ठेवली. त्याने घाबरून धुलाई बंद केली.

दोन दिवसांनी कंदील लावायला गच्चीवर गेलो. गटारात उतरणाऱ्या पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी निळा थर वाळला होता. आमची बेडरूम रंगवणाऱ्याने डबे तिथेच धुतले होते. रंग मीच निवडलेला.

नोटीस मागे घ्यायचा अधिकारही माझाच होता. तो मात्र वापरला नाही. गिऱ्हाईक तुटलं आणि लाँड्रीवाला दुकान विकून खडवलीला गेला; तिथे इस्त्रीचं दुकान टाकलं.

निवृत्तीनंतर, निमित्ताला दोन शर्ट घेऊन, मी तिथे गेलो.

"साहेब, इकडे कुठे?"

"इस्त्रीला आलो."

"एवढ्या लांब? कडक करू ना?"

"करा."

"माफ करा, ते पाणी माझ्या घरचं होतं," एवढंच खरं तर म्हणायचं होतं.